इंग्रजीचा तास आणि जंगलाचा निवाडा

सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माउली म्हटले, ते उगीच नव्हे. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा बहुजन समाजाने तिचे स्वागतच केले. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत ही माउली अजून परकी का, याचा विचार आम्ही चळवळीतल्या लोकांनी करायलाच हवा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण विषय शाळांत सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. आमच्या वाट्याला आले काय? वृक्षदिंडी आणि ‘झाडे लावा’चा निबंध! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले. देशात चौथा क्रमांक. हे गुण शाबासकीचे नव्हेत, धोक्याचे आहेत.

जंगलाचा निवाडा इंग्रजीत होतो. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे खाणीच्या वा कारखान्याच्या जनसुनावणीआधी लोकांना मराठीत सारांश मिळतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल बहुधा इंग्रजीतच असतो आणि हाती असतात जेमतेम तीस दिवस. माडिया घरातली मुलगी दहावी होऊनही त्यातले एक पान वाचू शकत नसेल, तर दहा वर्षे तिला शिकवले तरी काय?

म्हणून इंग्रजीच्या तासाला गावची नदी, तेंदूपान, बांबू, औष्णिक केंद्राची राख येऊ द्या. व्याकरणही त्यातूनच शिकवा. ‘ट्रीज विल बी फेल्ड’ हा कर्मणी प्रयोग. तोडणारा त्यात लपतो. वाक्य कर्तरी करायला सांगा, म्हणजे मुलगा विचारील, ‘सर, कर्ता कोण?’ हाच खरा प्रश्न आहे! ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतला फरक शिकवा. कंपनीने पाणी शुद्ध ‘केलेच पाहिजे’ की ती ‘करू शकते’, यावर गावाची विहीर अवलंबून असते.

कुणी म्हणेल, मातृभाषेचे काय? धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंडी गावाने अभ्यासगटात चर्चा करून आपली समज वाढवली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तेव्हा विचार आपल्याच भाषेत व्हावा. पण समोरच्याचा कागद त्याच्या भाषेत वाचता आला नाही, तर मिळवलेला हक्कही हातचा जाईल.

शासन अभ्यासक्रम बदलेल तेव्हा बदलेल. येत्या सुटीत विहारांत, वसतिगृहांत शिक्षक आणि वकिलांनी मुलांना घेऊन बसावे आणि आपल्या तालुक्यातला एक अहवाल पानापानाने वाचावा. ‘शिका’ या आदेशाचा अर्थ या जिल्ह्यांत आज हाच आहे.