आधी खुराडं बघा

कोकणात एखाद्या घरची कोंबडी स्वतःचीच अंडी खायला लागली की शेजारपाजारचा पहिला सल्ला ठरलेला असतो: "रविवारी कापून टाका." दुसरा सल्ला मिरचीचा, तिसरा चोचीला चटका देण्याचा. आमच्या दापोलीकडच्या परड्यात गावठी आणि वनराज अशा कोंबड्या वर्षानुवर्षं आहेत आणि हे तिन्ही सल्ले मी पुष्कळदा ऐकले आहेत. मला त्यातला एकही पटत नाही. अंडं खायची खोड घेऊन कोंबडी जन्माला येत नाही, ती तिला खुराड्यात लागते. कारण जागच्या जागी राहिलं तर एक कोंबडी ताटात जाते आणि थोड्याच दिवसांत दुसरी तेच करू लागते.

नुकसान छोटं वाटतं, पण ते कुणाचं होतं हे बघायला हवं. परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायका सांभाळतात आणि अंड्यांचे पैसे थेट त्यांच्या हातात येतात. गावठी अंड्याला इंग्लिश अंड्यापेक्षा केव्हाही चांगला भाव असतो. गावठी कोंबडी वर्षाला देऊन देऊन साठेक अंडी देणार. सगळ्या कोंबड्यांची मिळून रोज एकदोन अंडी पेंढ्यात जिरली तर आठवड्याच्या बाजाराचा हिशेबच कोलमडतो.

पहिलं अंडं कसं फुटतं हे बघायचं तर सकाळी आठच्या सुमाराला खुराड्याशी जाऊन गप्प बसावं. कोंबड्यांची अंडी द्यायची वेळ बहुतेक दुपारच्या आतली. कोंबडी पेटीत शिरते, पेंढा चोचीनं उचलून पाठीमागे टाकते, दोनतीनदा गोल फिरते आणि बसते. अंडं द्यायच्या क्षणी ती अर्धवट उभी राहते, पिसं फुगवते, शेपूट खाली दाबते. अंडं बाहेर पडतं तेव्हा ओलं असतं आणि बघता बघता सुकतं. मग ती वळते, मान तिरकी करून एका डोळ्यानं त्याच्याकडे बघते आणि चोचीच्या खालच्या बाजूनं ते हळूच पोटाखाली ओढते. सगळ्याच कोंबड्या असं करतात. नवख्या माणसाला मात्र ती अंड्यावर चोच मारतेय असं वाटतं आणि भलत्याच कोंबडीवर आळ येतो.

एका सकाळी मी हे सगळं अगदी जवळून पाहिलं. पेटीत एक कोंबडी बसली होती, दुसरी तिच्या अंगावरून आत घुसली आणि तिसरी दारात ताटकळत ओरडत होती. ढकलाढकलीत कुणाचा तरी पाय आधीच्या अंड्यावर पडला. नखाचा बारीक आवाज आला, कवचाला तडा गेला आणि पांढरा बलक पेंढ्यात झिरपू लागला. अंडं दिलेली कोंबडी कॉक कॉक करत निघून गेली. दारातली आत आली, तिनं ओल्या पेंढ्यात चोच घातली, मान वर केली, गिळलं. पुन्हा घातली. पिवळं लागल्यावर तिचा वेग वाढला. मग टरफलाचे तुकडेही गेले. उरला तो एक चिकट, ओला डाग. ते अंडं तिनं फोडलेलं नव्हतं, पण आत काय असतं ते तिला कळलं. पुढच्या अंड्याला तिनं स्वतः भोक पाडलं आणि बाकीच्या बघत उभ्या होत्या. ही खोड पसरते ती अशी, बघून बघून.

म्हणून चोर शोधायला लागण्याआधी चोरी कोंबडीचीच आहे ना, याची खात्री करावी. मुंगूस, घोरपड, उंदीर, कावळा, नाग हे सगळेच अंड्याचे गिऱ्हाईक. साप अंडं अख्खं गिळतो, मागे काही ठेवत नाही. कावळा उचलून नेतो. उंदराच्या कुरतडलेल्या कडा ओळखू येतात. कोंबडीनं खाल्लं असेल तर पेंढा ओला सापडतो, टरफलाचे बारके कण आणि आतली पातळ पांढरी पापुद्री सापडते. आणि खाणारीचा पुरावा तिच्या तोंडावरच असतो. दुपारच्या उजेडात एकेक कोंबडी हातात घेऊन बघा. चोचीच्या कोपऱ्यात, नाकपुडीजवळ आणि गळ्याच्या पिसांवर सुकलेला पिवळा बलक दिसतो. संध्याकाळपर्यंत ती मातीत चोच घासून तो पुसून टाकते, म्हणून दुपारच बरी.

आता मुख्य गोष्ट, कवच. मध्यम अंड्याचं कवच पाच ते सहा ग्रॅमचं असतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. एका अंड्यामागे कोंबडीच्या अंगातून दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जातं. अंडं तिच्या पोटात साधारण 25 तास घडतं आणि त्यातले 20 तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यातलं बरंचसं काम रात्री, ती दांडीवर झोपलेली असताना चालतं. खाण्यातून पुरेसं आलं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. तेही कमी पडलं की कवच पातळ येतं, कधी तर कवचच नसतं. असं मऊ अंडं हातात घेतलं की बोटांच्या दाबानं आकार बदलतं. पेंढ्यात पडल्यावर ते फुटण्यासाठी कुणाचा पाय पडायचीही गरज नसते.

कोकणातल्या कोंबडीला आपण काय घालतो? तांदळाची कणी, कोंडा आणि उरलंसुरलं अन्न. कणीत कॅल्शियम नावालाच असतं. कोंड्यात स्फुरद भरपूर, कॅल्शियम थोडं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम ठेवतात, त्यावरून आपली तूट लक्षात येईल. गावठी कोंबडी डझनभर अंडी घालते आणि खुडूक होते, तेवढी तिच्या हाडांना उसंत मिळते. हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झालेली वनराज परसातही वर्षाला शंभरावर अंडी देते आणि खुडूक क्वचित होते. तिला त्याच कणीवर ठेवलं तर पातळ कवच येणारच. अंड्यांचं टरफल खाणारी कोंबडी बहुतेकदा आपल्याच अंगातून गेलेलं परत मिळवत असते, आणि मला तिचा राग येत नाही तो यासाठीच.

यावरचा इलाज कोकणात पायाखाली पडलेला आहे. तिसऱ्या, मुळे, कालवं खाऊन झाल्यावर आपण शिंपल्या फेकून देतो. त्या गोड्या पाण्यात दोनदा धुवायच्या म्हणजे मीठ निघून जातं, कडक उन्हात वाळवायच्या आणि उखळात किंवा पाट्यावर कुटायच्या. पीठ करू नये. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत, कारण मोठा तुकडा कोंबडीच्या पोटातल्या दगडीत बराच वेळ राहतो, हळूहळू विरघळतो आणि कवच चढत असताना रात्रभर कॅल्शियम पुरवतो. म्हणून शिंपल्या संध्याकाळी, खुराड्यात कोंडण्याआधी ठेवाव्यात. त्या खाद्यात मिसळू नयेत, वेगळ्या करवंटीत ठेवाव्यात. अंडी देणारी कोंबडी हवं तेवढं टिपते, कोंबडा आणि पिल्लं फारशी फिरकत नाहीत. पिल्लांच्या पोटात जास्त कॅल्शियम गेलं तर त्यांच्या मूत्रपिंडांना त्रास होतो. देशावर शिंपल्या मिळत नसतील तर चुनखडीची खडी चालते. घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, पण ती तव्यावर खरपूस भाजून पार चुरडलेली असावीत. अर्धी टरफलं तशीच पुढे टाकणं म्हणजे अंडं खायला स्वतःच शिकवणं.

शेवग्याचा पाला घाला, त्यात कॅल्शियमही आहे आणि प्रथिनंही. परड्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना वाळवी, किडे, गांडुळं मिळतात. कोंडलेल्यांना नाहीत. अशा वेळी बिनमिठाचा सुका जवळा मूठभर चुरून कण्यांत घातला की बरीच उणीव भरते. पाणीही विसरू नये. कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, वैशाखात त्याहून बरंच जास्त. उकाड्यात ती चोच उघडून धापा टाकते, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. मे महिन्यातली पातळ अंडी यातूनही येतात. सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम पातळ, सुरकुतलेली किंवा बिनकवचाची येऊ लागली तर मात्र हा रोगाचा इशारा असू शकतो. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं, घरगुती उपाय करत बसू नये.

दुसरा दोष पेटीचा. चारपाच कोंबड्यांमागे एक पेटी हवी. लांबीरुंदीला एक फूट, उंचीला त्याहून थोडी जास्त. आंब्याची जुनी लाकडी पेटी आडवी टाकली तर उत्तम. ती खुराड्याच्या अंधाऱ्या बाजूला ठेवावी आणि तोंडावर गोणपाटाचा पडदा सोडावा. अंधारात अंडं नजरेला पडत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर कोंबडी चोच मारत नाही. तळाला चार बोटं जाड पेंढा किंवा तूस हवं. पेंढा विरळ झाला की अंडं लाकडावर आपटतं. हे काम दर आठवड्याचं आहे आणि नेमका त्याचाच सगळ्यांना कंटाळा असतो. अंडी सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा उचलावीत. संध्याकाळी एकदाच उचलणाऱ्या घरांत ही खोड हटकून दिसते.

आता मिरची. अंड्याला भोक पाडून बलक काढतात, आत तिखट भरतात आणि मेण लावून ते पेटीत ठेवतात. कोंबडी भाजून निघेल आणि पुन्हा वाटेला जाणार नाही, अशी समजूत. ठेचून तिखट भरलेलं असं अंडं कोंबडीनं शांतपणे संपवलेलं मी पाहिलं आहे. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची आवडीनं खातो हे तर सगळ्यांना माहीत आहे. कारण एकच. मिरचीचा जाळ ज्या ग्राहीमुळे आपल्याला जाणवतो, तो पक्ष्यांच्या शरीरात मिरचीला दादच देत नाही. 2002 मध्ये स्वेन-एरिक योर्ट आणि डेव्हिड ज्युलियस यांनी कोंबडीच्याच पेशींतल्या ग्राहीचा अभ्यास करून हे दाखवलं. याच ग्राहीच्या शोधासाठी ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. तेव्हा मसाला कालवणात घालावा. अंड्यात भरला तर आतून खाण्याजोगं काहीतरी मिळतं एवढाच धडा कोंबडी घेते.

तापलेल्या विळ्यानं चोचीचं टोक जाळण्याला माझा सरळ विरोध आहे. चोचीच्या टोकात मज्जातंतू असतात, ते जिवंत अवयवाला भाजणं आहे. शिवाय परड्यात फिरून पोट भरणाऱ्या कोंबडीची चोच बोथट केली तर ती किडे आणि दाणे टिपणार कशी?

लाकडी अंड्याचा उपाय मात्र खरोखर चालतो. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, भाज्या बनवणारे कारागीर आहेत. तशाच कातकामातून अंड्याच्या मापाचे चार लाकडी नग करून घेतले, बिनरंगाचे. प्रत्येक पेटीत एकेक कायम ठेवायचा. खोडकर कोंबडी येते, टोचते, पुन्हा टोचते. फुटत नाही, ओलं होत नाही. काही दिवसांत तिचा नाद सुटतो. नव्या तलंगांना अंडं कुठे द्यायचं तेही त्यामुळे कळतं. लाकडी नसेल तर गुळगुळीत गोटा चालेल, फक्त तो अंड्याएवढा हवा आणि हलका नको. हलकी वस्तू टोचली की घरंगळते, मग तो खेळ होतो.

त्यानंही न सुधारणारी एखादी निघते. तिच्यासाठी उताराची पेटी करावी. तळाच्या थोडी वर हलक्या उताराची फळी बसवायची, तिच्यावर जुनी काथ्याची चटई आणि मागच्या बाजूला पट्टीखाली अंडं जाईल एवढी फट. अंडं पडलं की सावकाश घरंगळत फटीतून मागच्या कप्प्यात जातं. कोंबडी वळून बघते तोवर तिथे काही नसतं. पेंढ्याची सवय असलेल्या कोंबड्या सुरुवातीला अशा पेटीला नाकं मुरडतात आणि करवंदीच्या जाळीत जाऊन अंडं देतात. म्हणून थोडे दिवस त्यांना दुपारपर्यंत आतच ठेवावं लागतं. चटईवर पेंढ्याच्या चार काड्या टाकल्या तर लवकर रुळतात. मी पाहिलेल्या सगळ्या उपायांत हा सर्वांत भरवशाचा. यातूनही फुटकी अंडी सापडत राहिली तर त्या कोंबडीला वेगळं काढावं. मग तिचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ती पाळी क्वचित येते.

सर्वांत कठीण काळ पावसाचा. आषाढात झड लागली की कोंबड्या दिवसचे दिवस खुराड्याबाहेर पडत नाहीत. पेंढा दमट होतो, पाय चिखलाचे, दाटी वाढलेली आणि चोचीला काम नाही. या दिवसांत मुळ्याच्या पाल्याची किंवा शेवग्याच्या डहाळ्यांची जुडी डोक्याच्या थोडी वर टांगावी. उड्या मारून टोचण्यात त्यांचा वेळ जातो आणि पोटातही काही पडतं. कण्या एका भांड्यात न घालता कोरड्या तुसावर विखराव्यात म्हणजे त्या उकरत बसतात.

आणि मृगाच्या आधी शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवा. पाऊस लागल्यावर त्या वाळत नाहीत, आणि गरज तर तेव्हाच जास्त असते.