वीस ठिपक्यांतला एक

पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे ८२,९४,४००. भागाकार करून पाहा, उत्तर बरोब्बर २० येतं. कपाटातली जुनी डीव्हीडी या पडद्यावर भरून लावली, की दर वीस ठिपक्यांमागे एकाचीच माहिती डिस्कवर असते. उरलेले एकोणीस घरातलं यंत्र त्या क्षणी हिशेब करून भरतं, आणि सेकंदाला पंचवीस वेळा हा सगळा हिशेब नव्यानं मांडतं. दिसणाऱ्या चित्राचा केवढा मोठा भाग दिवाणखान्यातच तयार होतो! हे कळल्यापासून पडद्याकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

टीव्ही हा हिशेब आपला आपण करतो. कसा केला ते सांगत नाही. टीव्हीला एचडीएमआय केबलनं संगणक जोडला, म्हणजे होम थिएटर पीसी केला, की हिशेब आपल्या ताब्यात येतो. एमपीव्ही, कोडी, एमपीसी-एचसी हे प्लेअर फुकट मिळतात, आणि त्यांच्या सेटिंगमध्ये यातल्या बऱ्याच पायऱ्या आपल्याला हव्या तशा बसवता येतात.

मुळात डिस्कवर इतकं कमी का ठेवलेलं असतं? ब्लू-रेच्या आकाराचं चित्र जसंच्या तसं साठवायचं तर सेकंदाला सुमारे ११९ कोटी बिट लागतील. ब्लू-रेवर चित्रासाठी जास्तीत जास्त ४ कोटी मिळतात. ही दरी ज्या गणितानं पार होते, त्याच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना त्यांनी १९७२ मध्ये या कल्पनेवर संशोधनासाठी अनुदान मागितलं. कल्पना फारच साधी आहे, म्हणून ते नाकारलं गेलं. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यांनी चार पानांचा शोधनिबंध छापला आणि डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म जगापुढे आलं. चित्राचा ८ बाय ८ ठिपक्यांचा तुकडा घ्यायचा आणि त्यातले ६४ आकडे ६४ लहरींच्या बेरजेत लिहायचे. पहिला आकडा तुकड्याचा सरासरी उजेड सांगतो, पुढच्या लहरी क्रमाक्रमानं बारीक होत जातात. चेहरा, भिंत, आभाळ, कशाचाही तुकडा घ्या, बहुतेक सगळं चित्र पहिल्या मोजक्या लहरींत सापडतं. बारीक लहरींचे आकडे इतके लहान असतात, की ते शून्य धरले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. डीव्हीडीतलं चित्र आणि फोनमधला जेपेग फोटो याच गणितावर चालतात, आणि चित्र आवळून साठवण्याच्या पुढच्या एच.२६४ पद्धतीनंही त्याचंच पूर्णांकांतलं रूप घेतलं.

शून्य धरण्याचा हात फार सैल सुटला, की मात्र तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. धो धो पाऊस, धबधबा, जत्रेतली गर्दी अशा दृश्यांत चौकटी उसळताना दिसतात त्या याच. प्लेअरमधलं डीब्लॉकिंग त्या कडा बुजवतं. जुन्या व्हीसीडी-डीव्हीडीसाठी ते थोडंसंच लावावं, जास्त लावलं तर चेहऱ्यावरची रेषही पुसली जाते.

रंगाची काटकसर याहून मोठी आहे. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईनं टिपतो, रंगातला तेवढा टिपत नाही. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकच. फोर-के पडद्यावरच्या ऐंशी ठिपक्यांमागे डीव्हीडीवर रंगाची एक नोंद असते! नायिकेच्या कपाळावरचं कुंकू डीव्हीडीच्या चित्रात समजा आठ ठिपके रुंद आहे. त्या रुंदीत रंगाच्या नोंदी चारच. त्यात कुंकू लाल. एचडीच्या मानकात उजेडाचा हिशेब करताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा ७ धरतात. म्हणजे लाल रंगाला आपली कड रेखताना उजेडाची मदत थोडीच मिळते. प्लेअरनं रंगाची प्रत्येक नोंद नुसती शेजारच्या ठिपक्यांना चिकटवली, तर कुंकवाची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. रंग वाढवण्याचं सूत्र सेटिंगमध्ये वेगळं असतं. तिथे चांगलं सूत्र निवडून त्याच चित्रातलं तेच कुंकू जवळ जाऊन पाहा, गोल झालेलं असतं.

नवे ठिपके भरण्याची सूत्रंही पाहण्यासारखी आहेत. बायलिनिअर सूत्र आजूबाजूच्या चार ठिपक्यांकडे पाहून मधला ठरवतं, बायक्युबिक सोळांकडे. लांत्सोश नावाचं सूत्र नेहमीच्या मांडणीत छत्तीस ठिपक्यांचा सल्ला घेतं, आणि त्यांतल्या काहींचं मत चक्क वजा धरतं. कॉर्नेलियस लांत्सोश हे १८९३ मध्ये जन्मलेले हंगेरियन गणिती. ते बर्लिनमध्ये काही काळ आइनस्टाइन यांचे सहायक होते. त्या वजाबाकीमुळे कडा धारदार होतात. पण ठळक कडेला, म्हणजे पांढऱ्या श्रेयनामावलीतल्या अक्षरांभोवती वगैरे, फिकट वलयही उमटतं. ते खटकत असेल तर प्लेअरमधली अँटी-रिंगिंगची खूण लावावी. टीव्हीचा शार्पनेस आधी शून्यावर किंवा कंपनीनं दिलेल्या मध्यम आकड्यावर आणलेला बरा, नाहीतर संगणकानं नीट केलेल्या कडेवर टीव्ही पुन्हा आपली रेघ ओढतो. त्याच फेरीत ओव्हरस्कॅनही बंद करावा. काही टीव्ही सवयीनं चित्राच्या चारी कडा कापून उरलेलं ताणतात, आणि ठिपक्याला ठिपका जुळवण्याचं सगळं काम वाया जातं.

ठिपक्यांइतकीच वेळही महत्त्वाची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, आणि संगणक टीव्हीला बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही. मग एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, पुन्हा तीनदा, अशी मात्रा कमीजास्त झालेल्या ठेक्यासारखी चाल होते. कॅमेरा संथपणे डोंगररांगेवरून फिरत असेल तर डोंगर हलके हिसके देत सरकतात. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट २४ केला की हिसके जातात. बहुतेक ब्लू-रेंवर मात्र चित्रांचा वेग नेमका २४ नसून २३.९७६ असतो. १९५३ मध्ये अमेरिकेनं कृष्णधवल प्रक्षेपणात रंग बसवला, तेव्हा रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ३० चित्रांचा वेग किंचित उतरवून २९.९७ केला, आणि चित्रपटाचा वेगही त्या प्रमाणात उतरला. सत्तर वर्षांपूर्वीची ती तडजोड आज आपल्या फायलींत बसलेली आहे! टीव्ही पूर्ण २४ वर ठेवला तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसतं. कोडीत चित्रपटाप्रमाणे रिफ्रेश रेट आपोआप बदलण्याची सोय आहे. ती चालू केली की ही काळजी मिटते.

आपल्याकडच्या टीव्हीचा वेग २५ चित्रांचा, त्यामुळे पाल डीव्हीडीसाठी ५० हर्ट्झ लावावं, म्हणजे प्रत्येक चित्र नेमकं दोनदा दिसतं. गाण्याची आवड असणाऱ्यांनी इथे कान द्यावा. २४ चा चित्रपट पाल डीव्हीडीवर आणताना तो बहुतेक वेळा सरळ २५ च्या वेगानं पळवतात. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज सुधारून घेतला नसेल तर स्वरही चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनकडे निम्म्याहून जास्त वाट चालून गेलेलं असतं. एमपीव्हीमध्ये वेग ०.९६ करायचा, स्वर कायम राखण्याची सोय बंद करायची आणि टीव्ही २४ वर न्यायचा: चाल आणि पट्टी दोन्ही मूळ जागी येतात. डिस्कवरचा एकही आकडा न बदलता.

उजेडाच्या मापातही गफलत होते. चित्रपटात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संगणकाच्या स्वतःच्या पडद्यावर काळा ० आणि पांढरा २५५. ग्राफिक्स कार्ड एक माप पाठवतं आणि टीव्ही दुसरं समजून बसतो, असं झालं की एकतर काळी रात्र राखाडी दिसते, नाहीतर काळ्या कोटाच्या घड्या आणि केसांच्या बटा एका काळ्या डागात गडप होतात. पहिल्या मापाला सेटिंगमध्ये लिमिटेड म्हणतात, दुसऱ्याला फुल. दोन्हीकडे एकच माप, लिमिटेड तर लिमिटेड, फुल तर फुल, एवढं जुळवलं की हरवलेल्या घड्या परत दिसतात. पैसे खर्च न करता दर्जात पडणारा सर्वांत मोठा फरक माझ्या मते हाच.

मला सगळ्यांत चकित करते ती डिदरिंगची पायरी. हिशेबाअंती एखाद्या ठिपक्याचा उजेड १००.३ येतो, पण पडद्याला पूर्णांकच पाठवता येतो. सगळीकडे १०० लिहिलं तर संध्याकाळच्या आभाळात गुळगुळीत उताराऐवजी पट्टे उमटतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी एमआयटीत विद्यार्थी असताना यावर उपाय शोधला आणि १९६२ मध्ये छापला. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटच्या पूर्वजाचे, अर्पानेटचे, एक शिल्पकार झाले. पूर्णांक करण्याआधी चित्रात मुद्दाम थोडा गोंगाट मिसळायचा. मग दहा ठिपक्यांपैकी साधारण सातांत १०० येतो, तिघांत १०१, आणि सोफ्यावर बसलेला डोळा त्यांची सरासरी काढून १००.३ च पाहतो. चित्रात खोटी भर घातली आणि चित्र जास्त खरं झालं!

आता ग्राफिक्स कार्डांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्कही ठिपके भरतात. हजारो चित्रं पाहून ती कड, केस, कापडाची वीण कशी असते ते शिकलेली असतात, आणि व्यंगचित्रपटांवर त्यांचं काम थक्क करणारं आहे. जुन्या चित्रपटांवर मात्र मी ती जपून लावतो. दूरच्या गर्दीतला चेहरा डिस्कवर सहा ठिपक्यांचा असेल तर त्यात डोळे नसतातच. नेटवर्क तिथे इतर चित्रांतून शिकलेले डोळे बसवू शकतं. स्वतः ठरवायचं असेल तर असं गर्दीचं दृश्य थांबवा, नेटवर्क आणि लांत्सोश आलटूनपालटून लावा, आणि पडद्याच्या अगदी जवळ उभं राहून मागच्या रांगेतला एकच माणूस पाहा.