पाव शतकाच्या क्लृप्त्या

विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमधलं ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, दुसऱ्या टॅबवरच्या एका चौकटीत बरोबरची खूण करायची आणि संगणकाने मागितली की विंडोजची सीडी आत सारायची. २००१ नंतरची काही वर्षं ही माहिती कचेऱ्यांतून, सायबर कॅफेंतून आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या ईमेलांतून लोणच्याच्या कृतीसारखी फिरत होती. त्या खुणेने नेमकं काय होतं हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसे. जोडाक्षरं फुटायची थांबत, एवढं पुरे होतं. आज ही कृती कोणाच्याच कामाची नाही. गेल्या पंचवीसएक वर्षांत संकेतस्थळं आणि ॲप वापरताना आपण एकमेकांना अशा असंख्य क्लृप्त्या सांगितल्या. त्यांतल्या कोणत्या मेल्या, कोणत्या टिकल्या आणि का, हे पाहण्यासारखं आहे.

आधी अक्षरं

एक्सपीच्या आधीचा काळ फाँटचा. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाचा आपापला कारभार. एका कचेरीत टंकलेलं पत्र दुसरीकडे उघडलं की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे, म्हणून फाइलबरोबर फाँटही पाठवायचा ही पहिली शहाणी सवय. अनेक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर बातमी वाचण्याआधी फाँट उतरवून घ्यावा लागे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती घरातल्या पडद्यावर रुळायला दशकभर लागलं. २००४ साली सुरू झालेल्या ‘मनोगत’सारख्या संकेतस्थळांनी रोमन कळफलकावरून थेट देवनागरी लिहायची सोय दिली, आणि ‘ण’साठी मोठा एन, ‘ळ’साठी मोठा एल ही नवी बाराखडी लोकांनी पाठ केली. इनस्क्रिप्ट वापरणारे एकमेकांना ‘दऱ्या’तला तो आडवा रकार शिकवत: शिफ्ट धरून ‘जे’, मग हलन्त, मग ‘य’. खुद्द ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. तोवर ‘अ’च्या डोक्यावर चंद्र चिकटवायचा आणि काही पडद्यांवर त्याखाली उमटणाऱ्या ठिपक्यांच्या वर्तुळाकडे काणाडोळा करायचा, हीच रीत होती.

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहायच्या सोयीत मराठीचा समावेश केला आणि ही बाराखडी एका फटक्यात बहुतेकांना नकोशी झाली. त्या काळातली एक अडचण मात्र अजून भेटते. जुनी सरकारी पीडीएफ उघडावी, त्यात गावाचं नाव शोधावं, तर ते डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. अशा वेळी त्यातला एक शब्द उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. अगम्य चिन्हं उमटली तर कागद जुन्या फाँटमधला आहे. शोधत बसण्यात अर्थ नाही. पानाचा फोटो गूगल लेन्ससारख्या वाचकाकडे द्यावा, तो मजकूर युनिकोडमध्ये काढून देतो.

मग रांग

रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण २००२ साली सुरू झालं, पण तिकीट तेव्हा कुरिअरने घरी येई. स्वतः छापायचं ई-तिकीट आलं २००५ साली. त्यानंतर क्लृप्त्यांचा खरा आखाडा ठरला तो तत्काळ. खिडकी आधी सकाळी आठला उघडे, जुलै २०१२ पासून दहाला, आणि जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गासाठी दहा, बाकीच्यांसाठी अकरा. प्रवाशांची नावं आधीच यादीत भरून ठेवायची. लॉगिन काही मिनिटं आधी करायचं, फार आधी केलं तर सत्र संपून पुन्हा बाहेर फेकले जातो. या सूचना आजही उपयोगी आहेत. मामाच्या, मावशीच्या नावाने चार खाती उघडून ठेवायची युक्ती मात्र निकालात निघाली. १ जुलै २०२५ पासून आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच ऑनलाइन तत्काळ मिळतं.

मुंबईकरांची गंमत वेगळी. लोकलचं तिकीट मोबाइलवर मिळू लागलं, पण रुळांजवळ उभं असताना ॲप तिकीट देईना. तपासनीस दिसल्यावर तिकीट काढणारे महाभाग रेल्वेने आधीच ओळखले होते. म्हणून ‘रिक्षात बसल्या बसल्या काढ’ हा सल्ला घरोघरी झाला. पुढे स्थानकांत क्यूआर कोड लागले आणि त्याची निकड कमी झाली.

या सगळ्यांत चिवट निघाली ती केबीची कसरत. स्पर्धा परीक्षेचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, ‘फोटो २० ते ५० केबी’ ही अट बघून भल्याभल्यांना घाम फुटतो. त्यावर आधी पेंटमध्ये फोटो लहान करण्याचा मार्ग होता. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून परत उतरवला की तो आपोआप हलका होतो. ज्या दोषाबद्दल जग कुरकुरत होतं, त्याचाच परीक्षार्थींनी उपयोग करून घेतला.

गप्पा

व्हॉट्सॲपवरच्या युक्त्यांचं आयुष्य तर फारच आखूड. वाणसामानाची यादी स्वतःलाच पाठवायची सोय नव्हती, तेव्हा बायकोला घेऊन ग्रुप काढायचा आणि तिला लगेच त्यातून बाहेर काढायचं, असा मार्ग लोकांनी शोधला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात स्वतःला संदेश पाठवायची सोय आली आणि हे ग्रुप अडगळीत गेले. लग्नाचे फोटो धूसर होऊ नयेत म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ करून पाठवायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एचडीचं बटण आल्यावर निम्म्या लोकांनी तेही सोडलं. (मूळ फोटो जसाच्या तसा हवा असेल तर डॉक्युमेंटचाच रस्ता अजून खात्रीचा.)

त्याआधीच क्लृप्त्यांचा सूर बदलला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी त्याआधी देशात इतरत्रही बळी घेतले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. तोवर क्लृप्ती सांगायची ती काम पटकन उरकावं म्हणून. आता पहिल्यांदा हात आवरायला शिकवणाऱ्या क्लृप्त्या लागू लागल्या.

त्यातली एक प्रत्येक कर्मचाऱ्याने आणि पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सुट्टीचा, भत्त्याचा किंवा योजनेचा शासन निर्णय ग्रुपवर आला की त्याच्या अखेरीस छापलेला संकेतांक बघायचा आणि तो राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाकायचा. खरा असेल तर कागद समोर येतो. सातबाऱ्याचंही तसंच. १ मे २०१८ पासून डिजिटल सही असलेला सातबारा मिळू लागला, शुल्क १५ रुपये. फुकट दिसणारी प्रत नुसती माहितीपुरती. बँकेत किंवा व्यवहारात दाखवायचा तो सहीचाच.

पैसे

ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली आणि ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे वाक्य घराघरात पोचलं. २०१६ साली यूपीआय आलं. त्याच वर्षीच्या नोटाबंदीनंतर भाजीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यात ओढले गेले. मग जुना सोफा विकायला काढणाऱ्याला फोन येऊ लागले: ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या.’ प्रत्यक्षात ती पैसे मागणारी विनंती असे. पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जात. त्यावरचा सल्ला एका ओळीचा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. ही ओळ पोलिसांनी, बँकांनी, सुनांनी आणि नातवंडांनी वर्षानुवर्षं घोकून घेतली. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीकडे अशी मागणी पाठवायची वाटच बंद करण्यात आली. क्यूआर कोड दाखवून तोच डाव खेळणारे अजून आहेत, त्यामुळे ओळ विसरायची नाही.

बँकेचा पत्ता ओळखण्याचंही असंच सोपं होत आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं. शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाकण्याआधी थांबावं. ग्राहक सेवेचा नंबर सर्च करून घेऊ नये, कार्डाच्या मागचा घ्यावा. लग्नपत्रिकेच्या किंवा चलनाच्या नावाने आलेली, शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल उघडू नये. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच १९३० ला फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

काय उरलं

मेलेल्या क्लृप्त्यांची यादी लांबलचक आहे आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. फाँट पाठवणं, एकट्याचा ग्रुप, चंद्र चिकटवणं यांतली प्रत्येक गोष्ट मेली ती कोणीतरी मूळची अडचण दूर केली म्हणून. क्लृप्ती ही तक्रारच असते. ऐकणारं कोणी नसतं म्हणून ती शेजाऱ्याला सांगितली जाते. संकेतस्थळ बनवणाऱ्यांनी ‘आमची सेवा कशी वाटली’ म्हणून तारे मागण्यापेक्षा लोक एकमेकांना कोणत्या युक्त्या शिकवतात ते ऐकावं. फोटो लहान करून घेणं हे संगणकासाठी क्षणाचं काम आहे. तरी ते दर वर्षी लाखो उमेदवारांकडून करून घेतलं जातं, आणि ती कसरत शिकवणारं एक महा-ई-सेवा केंद्र प्रत्येक तालुक्यात चालतं.

हात आवरायच्या क्लृप्त्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे पलीकडे यंत्र नसून माणूस आहे आणि एक दार बंद झालं की तो दुसरं शोधतो. त्यामुळे त्या एकदा सांगून भागत नाही. पाडव्याला, दिवाळीला घर भरलं की पाच मिनिटं काढून नवी फसवणूक कोणती चालली आहे ते वडीलधाऱ्यांना सांगावं, आणि कॉलेजातल्या पोरांनाही. पिन टाकायची घाई त्यांनाच जास्त असते.