नऊ धावांची तूट

शिरोळच्या बाजारात आकडा म्हणजे उसाचा दर, नाहीतर कृष्णा-पंचगंगेच्या पुराची पातळी. परंतु कोल्हापूरकरांच्या दप्तरी ४४३ हा एक आकडा असा आहे की, ज्याची नोंद पक्की असूनही हिशेब अपुरा वाटतो. कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये, पुण्यातील रणजी सामन्यात, महाराष्ट्रातर्फे काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, आणि ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर आला असता, ४ बाद ८२६ या धावसंख्येने हतबल झालेल्या, राजकोटच्या ठाकोरसाहेबांच्या नेतृत्वाखालील प्रतिपक्षाने मध्यंतरातच सामना सोडून दिला! संस्थानी अब्रूची ही जपणूक मला तरी खिलाडूपणाची वाटत नाही. प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा, त्यांत १२ शतके, शिवाय गोलंदाजीत ५८ बळी, एवढी पुंजी पदरी असताना त्यांच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी आली नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.