केबलच्या टोकापासून इंटरनेटपर्यंत

एका कार्यालयातले किंवा शाळेच्या संगणक कक्षातले संगणक एकमेकांना जोडून जे जाळे तयार होते, त्याला लॅन म्हणतात. त्याचा आवाका एका इमारतीपुरता किंवा आवारापुरता असतो. जगभरची अशी असंख्य जाळी एकमेकांना जोडली गेली, की इंटरनेट होते. लॅनच्या उभारणीची सुरुवात केबलपासून होते.

नव्या जोडणीत बहुधा कॅट-६ जातीची केबल वापरतात. तिच्यात आठ तारा असतात. दोन-दोन तारांना पीळ देऊन चार जोड्या केलेल्या असतात. पिळामुळे बाहेरच्या विजेच्या तारांचा उपद्रव जोडीतल्या दोन्ही तारांना जवळपास सारखाच पोचतो. संगणक दोन्ही तारांमधला फरक तेवढा वाचतो, त्यामुळे हा उपद्रव वजा होऊन जातो. म्हणूनच टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसवताना चांगला कारागीर अर्ध्या इंचाहून जास्त पीळ उलगडत नाही.

आवरण सोलल्यावर तारांचा प्रचलित क्रम असा लावतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा चिमटीत धरून सरळ करायच्या, टोके एका रेषेत कापायची आणि कनेक्टरची खिट्टी खालच्या बाजूला ठेवून आत सारायच्या. आठही तारांची टोके समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली आणि बाहेरचे आवरणही कनेक्टरच्या आत शिरले, की क्रिंपिंग टूल दाबायचे. कनेक्टरमधल्या सोनेरी पात्या तारांत रुततात. दुसरे टोकही असेच तयार झाल्यावर केबल टेस्टरला लावली, की १ ते ८ दिवे ओळीने लागायला हवेत. एखादा लागला नाही, तर टोक कापून काम नव्याने करावे लागते.

अशा सगळ्या केबली स्विचमध्ये येतात. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी लागते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक पत्ता दिलेला असतो. कोणत्या पोर्टवर कोणता पत्ता आहे, याची नोंद स्विच ठेवतो आणि माहिती नेमक्या त्याच पोर्टला पाठवतो.

मॅक पत्ता लॅनपुरताच कामाचा. त्यापलीकडे जायला आयपी पत्ता लागतो, आणि बाहेरची वाट दाखवतो राउटर. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते जगाला पुरत नाहीत. त्यामुळे १९२.१६८.१.१० यासारखे खासगी पत्ते घरोघरी आणि कार्यालयांत पुन्हा पुन्हा वापरले जातात. माहिती बाहेर पडताना राउटर त्या जागी सार्वजनिक पत्ता घालतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. सहाव्या आवृत्तीतला पत्ता १२८ बिटांचा असल्याने तिथे ही टंचाई नाही.

संगणकाला आयपी पत्ता ठरावीक मुदतीसाठी देण्याचे काम डीएचसीपी करते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देते ते डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी त्याची रचना मांडली. पिंग ही आज्ञा समोरच्या यंत्राकडे लहानसा संदेश पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते.

बिघाड शोधतानाही हाच क्रम पाळावा. पोर्टचा दिवा लागत नसेल, तर आधी केबल आणि कनेक्टर पाहावा. दिवा आहे, पण विंडोज संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, म्हणजे डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही. पत्ता बरोबर असेल, तर राउटरला पिंग करावे. राउटर उत्तर देतो पण बाहेरचा आयपी देत नाही, तेव्हा राउटरच्या पुढची जोडणी संशयित ठरते. बाहेरचा आयपी उत्तर देतो, पण कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा डीएनएस तपासावे. तक्रार नोंदवताना ‘नेट बंद आहे’ एवढ्यावर न थांबता यांपैकी कुठली पायरी अडली आहे ते सांगावे. दुरुस्ती करणाऱ्याला थेट तिथूनच काम सुरू करता येते.