रंधा मारलेली फळी घेताना

चारही बाजूंनी रंधा मारलेली फळी म्हणजे सुकलेली, सरळ, लगेच वापरता येणारी फळी, असं धरून चालणारी गिऱ्हाइकं वखारीत नेहमी भेटतात. फळीवरून हात फिरवतात, गुळगुळीत लागली की पैसे मोजतात. पण रंध्याने फक्त करवतीचे वळ जातात. लाकडाच्या पोटात किती पाणी आहे, हे रंध्याला कळतही नाही आणि बदलताही येत नाही.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. लाकडातली ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरली की ते आकसू लागतं, आणि पुढे आयुष्यभर हवेप्रमाणे फुगतं-आकसतं. कोकणात पावसाळ्यात फळी ओल धरते. तीच विदर्भातल्या उन्हाळ्यात गेली की ओल सोडते. म्हणूनच इमारती लाकडाच्या ओलीचं भारतीय मानक ठरवताना हवेच्या दमटपणानुसार देशाचे वेगवेगळे विभाग केलेले आहेत. आठ इंच रुंद, सपाट चिरलेल्या सागवानी फळीतली ओल सहा टक्क्यांनी उतरली, तर तिची रुंदी दोन मिलिमीटरहून जास्त घटते. बीचची फळी तेवढ्याच ओलीला जवळपास पाच मिलिमीटर आकसते. भट्टीत सुकवलेला म्हणून घेतलेला मालसुद्धा उघड्या शेडमध्ये पावसाळाभर पडून राहिला, तर पुन्हा ओल पितो. म्हणून ओल मोजण्याचं छोटं मीटर जवळ असावं. फळीच्या टोकाला मोजू नये, कारण टोक आधी सुकतं. मध्यभागी दोन-तीन ठिकाणी मोजावं. घरातल्या जुन्या, मुरलेल्या लाकडी सामानावर तेच मीटर टेकवलं की आपल्या घराला किती ओलीचं लाकूड मानवेल याचा अंदाज येतो.

मशीनमधून निघाली म्हणजे फळी सरळ असणारच, हा दुसरा गैरसमज. जाडी काढणाऱ्या मशीनचे रूळ वाकडी फळी दाबून सपाट करतात, पाती वरून छिलतात, आणि फळी बाहेर पडताच पुन्हा मूळ आकारात येते. जाडी सगळीकडे सारखी, पण पीळ तसाच! आधी एक बाजू सपाट रंधून घेतली, मगच दुसरी बाजू तिला समांतर होते. ही पहिली पायरी वखारीत घाईने उरकली जाऊ शकते, म्हणून तपासायचं आपणच. फळीचं एक टोक डोळ्याजवळ धरून धारेवरून नजर टाकली की बाक दिसतो. पिळासाठी दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एकीवरून दुसरीकडे पाहायचं. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर ती फळी दरवाजासाठी सोडून द्यावी. बीडिंगसाठी तीच तुकडे करून चालू शकते.

मापाबाबतही घोळ होतो. अमेरिकेत ‘टू बाय फोर’ म्हणून विकली जाणारी पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, आणि ‘वन बाय फोर’ पाऊण बाय साडेतीन. रंध्यात लाकूड जातंच, त्यात फसवणूक नाही. पण चार चौरस इंचांच्या छेदाऐवजी हातात जेमतेम 2.63 चौरस इंच येतं, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक कमी. आपल्याकडे घनफुटाचा हिशोब लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घेऊन, गुणाकाराला 144 ने भागून होतो. तेव्हा दर विचारण्याआधी विचारावं: माप कच्चं धरणार की तयार? एक इंचाची कच्ची फळी पाऊण इंच, सुताराच्या भाषेत सहा सूत, होऊन येणार असेल, तर नकाशात सहा सूतच धरायला हवेत.

रंधा झाला म्हणजे पॉलिशला तयार, असंही नाही. फिरत्या पात्यांच्या बारीक लाटा फळीवर राहतात आणि टोकांजवळ कधी खोलगट चट्टा पडतो. उघड्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पॉलिश चढल्यावर खिडकीचा उजेड तिरका पडला की स्पष्ट दिसतात. विजेरी आडवी धरून आधीच पाहावं, मग 120, 180, 220 अशा क्रमाने पॉलिश पेपर मारावा, नेहमी रेषांच्या दिशेने. सागवानाला सरस लावायचा असेल तर रंधा ताजा हवा, कारण आतलं तेल हळूहळू वर येतं आणि पकड कमी करतं.

पाइन म्हणजे खोक्यांचंच लाकूड, हा समज मात्र अन्यायाचा आहे. न्यूझीलंडचा रेडिएटा पाइन गांधीधामच्या गिरण्यांतून चिरून देशभर जातो. रंग द्यायच्या घरातल्या पट्ट्यांना तो उत्तम. फक्त मऊ असतो, खोच पडते, आणि वाळवीपासून जपावा लागतो.

माझं मत असं: स्कर्टिंग, आर्किट्रेव्ह, बीडिंग यांसाठी तयार फळी निर्धास्त घ्यावी, घरी मशीन नसेल तर तीच स्वस्त पडते. टेबलाचा माथा आणि दाराच्या पट्ट्या यांच्यासाठी तयार मापापेक्षा दोन सूत जास्त जाड कच्चा माल घेऊन, तो ज्या घरात बसायचा तिथे पट्ट्यांवर हवा खेळती ठेवून दोन-तीन आठवडे रचावा, आणि मगच रंधा मारावा.