वळचणीचा हिमबांध : छपराच्या गळतीची कारणमीमांसा व प्रतिबंध

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हा घरबांधणीतील जुना अनुभव मराठीत म्हणीच्या रूपाने रूढ झाला आहे. छप्पर कौलारू असो वा गवताने शाकारलेले, त्याची सारी भिस्त या एकाच नियमावर असते. उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशात मात्र हा नियम हिवाळ्यात वारंवार मोडलेला आढळतो. न्यू इंग्लंडमधील राज्ये, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, मिनेसोटा आणि कॅनडाचा बराचसा प्रदेश येथील उतरत्या छपरांच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे पाणी तुंबते आणि ते उताराच्या उलट दिशेने चढून घरात उतरते. इंग्रजीत यास ‘आइस डॅम’ ही संज्ञा आहे. प्रस्तुत लेखात ‘हिमबांध’ हा शब्द योजिला आहे.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टन येथे ११०.६ इंच, म्हणजे सुमारे २८१ सेंटिमीटर, इतके विक्रमी हिम पडले आणि त्या परिसरातील असंख्य घरांत हिमबांधामुळे पाणी शिरले. अशा पाण्याने छताचा गिलावा सुटतो, भिंतीच्या पोकळीतील उष्णतारोधक थर भिजून निकामी होतो, लाकूड कुजते आणि बुरशी वाढते. नुकसान दिसते वळचणीजवळ. म्हणून दोष कडाक्याच्या थंडीला दिला जातो आणि उपायही वळचणीवरच केले जातात. वस्तुतः हिमबांधाचे मूळ बाहेरच्या थंडीत नसून घरातून निसटणाऱ्या उष्णतेत आहे. हे ध्यानी आल्यावाचून योग्य उपाय सुचणे कठीण आहे.

हिमबांध होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : छपरावर हिमाचा थर, बाहेर शून्याखालील तापमान आणि छपराच्या वरच्या भागाचे शून्याहून अधिक तापमान. घरातील ऊब माळ्यावर शिरून छपराच्या फळ्या तापविते. हिमाचा तळाचा थर वितळतो व पाणी हिमाखालून खाली वाहू लागते. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली असल्यामुळे तिच्याखाली घराची ऊब नसते. तेथे पोहोचताच पाणी गोठते. हा क्रम दिवसेंदिवस चालून कडेला बर्फाचा कट्टा उभा राहतो. वरून येणारे पुढचे पाणी त्यामागे साचते.

ही क्रिया किती थोड्या उष्णतेने घडते, हे एका ढोबळ गणिताने स्पष्ट होईल. घरात २० अंश आणि बाहेर उणे १० अंश सेल्सिअस तापमान आहे, छतावरील थराचा उष्णतारोध ३.३ एकक (चौरस मीटर-अंश प्रति वॅट) आहे आणि माळ्यावर हवा खेळत नाही, असे समजू. छपरावर ३० सेंटिमीटर हिम असेल तर त्याचा उष्णतारोध सुमारे ३ एकक धरता येतो. कारण हिम स्वतःच उत्तम उष्णतारोधक आहे. इतर थर उपेक्षणीय मानल्यास हिमाच्या तळाचे तापमान अधिक ४ अंशांपर्यंत जाऊ पाहते. अर्थात हिम वितळू लागते. वितळताना तळ शून्य अंशावर राहतो. तेव्हा घरातून दर चौरस मीटरला सुमारे ६ वॅट उष्णता वर येते आणि हिमातून सुमारे ३.३ वॅट बाहेर जाते. उरलेले २.७ वॅट हिम वितळविण्यात खर्च होतात. एक किलोग्रॅम बर्फ वितळण्यास ३३४ किलोज्यूल लागतात. यावरून दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे ०.७ किलोग्रॅम पाणी होते. १०० चौरस मीटरच्या छपरावरून वळचणीकडे रोज ७० लिटर पाणी येईल, असा याचा अर्थ होतो.

याच गणितात हिमाचा थर १० सेंटिमीटर घेतला तर तळाचे तापमान उणे ३ अंश येते व काहीच वितळत नाही. किरकोळ हिमवृष्टीत निर्धोक राहणारे घर मोठ्या हिमवृष्टीनंतर अकस्मात का गळू लागते, याचे उत्तर येथे मिळते.

साचलेले पाणी आत कसे शिरते, हेही पाहिले पाहिजे. त्या प्रदेशातील बहुतेक घरांवर ‘शिंगल’ नावाच्या डांबरी चकत्या एकीवर एक चढवून बसविलेल्या असतात. मंगलोरी कौलांप्रमाणेच त्या वाहते पाणी खाली सोडून देण्यासाठी असतात. साठलेले पाणी अडविण्यासाठी नव्हेत. पाण्याची पातळी चढली की ते सांध्यातून मागे सरकते आणि फळ्यांच्या फटींतून थेट भिंतीत उतरते.

यास्तव प्रतिबंधाचा आरंभ छतापासून करावा लागतो. पहिला उपाय म्हणजे हवेची गळती बंद करणे. धुराड्याभोवतीची पोकळी, नळ व विजेच्या तारा जाण्याची छिद्रे, छतात बसविलेले दिवे आणि माळ्यावर जाण्याचे झाकण यांतून गरम हवा वर निसटते. घरातील हलकी, उष्ण हवा वर चढत असल्याने हा प्रवाह हिवाळाभर अखंड चालतो. ही छिद्रे बुजविल्याशिवाय वर कितीही जाड थर पसरला तरी हवा त्याला वळसा घालून जाते.

दुसरा उपाय उष्णतारोध वाढविण्याचा. वरील उदाहरणात तो दुप्पट केला तर ३० सेंटिमीटर हिमाखालील तापमान उणे ०.६ अंशावर येते व वितळणे थांबते. परंतु हिम ६० सेंटिमीटर झाले की ते पुन्हा अधिक ४ अंशांकडे जाते. सारांश, अतिहिमाच्या प्रदेशात केवळ थर वाढविणे पुरेसे होत नाही. म्हणून तिसरा उपाय लागतो तो माळ्यावर बाहेरची थंड हवा खेळविण्याचा. ती वळचणीखालील झरोक्यांतून आत यावी व आढ्याजवळून बाहेर पडावी, म्हणजे निसटलेली ऊब फळ्यांपर्यंत टिकत नाही. न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर येथील शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास केला. बाहेरचे तापमान उणे ५.६ अंशांहून अधिक असताना त्रासदायक बर्फ क्वचितच साचतो, असे त्यात आढळले. म्हणून बाहेर तितके तापमान असताना माळा उणे १.१ अंशाच्या वर जाणार नाही इतके वायुवीजन असावे, अशी कसोटी सुचविली गेली. मात्र छतातील छिद्रे तशीच ठेवून नुसते आढ्याजवळचे झरोके वाढविल्यास घरातील गरम हवाच अधिक ओढली जाण्याचा संभव असतो. उपायांचा क्रम यामुळे महत्त्वाचा ठरतो.

नव्या बांधकामात शिंगलांखाली चिकट जलरोधक पटल घालतात. अमेरिकेतील आदर्श निवासी बांधकामसंहितेनुसार, ज्या भागात वळचणीवर बर्फ साचून पाणी तुंबण्याचा पूर्वानुभव आहे तेथे हे पटल छपराच्या कडेपासून बाह्य भिंतीच्या आत किमान २४ इंचांपर्यंत न्यावे लागते. त्याने गळती टळते. हिमबांध टळत नाही. विजेने तापणाऱ्या तारांनी पाण्याला तात्पुरती वाट मिळते, पण विजेचा खर्च चालूच राहतो. लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवरूनच हिम ओढून काढणे हा तातडीचा उपाय त्यामानाने बरा. कारण वितळण्यास हिमच उरत नाही. कुऱ्हाडीने बर्फ फोडल्यास शिंगला फुटतात आणि निसरड्या छपरावर चढणारा मनुष्य प्राणास मुकू शकतो.

वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळके दिसावयास मनोहर असले तरी बहुधा ते घरातून वाया जाणाऱ्या इंधनाची खूण असतात. जी ऊब विकत घेऊन घरात राखावयाची, तीच छपरावर पाणी होऊन भिंतीत परतते. छताची गळती रोखणाऱ्या गृहस्थाचे घर कोरडे राहते आणि इंधनही वाचते. केवळ वळचणीवर घाव घालणाऱ्यास पुढील हिवाळ्यात तेच श्रम पुन्हा करावे लागतात.